केंद्रातल्या शिक्षकांना फोनवर वाचननोंद शिकवायची कशी? तंत्रस्नेही शिक्षकासाठी टप्प्याटप्प्याने

शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या नियमित बैठकीत, ‘तंत्रज्ञानाचे सत्र’ तुमच्यावर आले की बहुधा असे होते: लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला जातो, दीड तासात चार-पाच ॲप दाखवली जातात, सगळे ‘छान झालं सर’ म्हणतात आणि सोमवारी कुणाच्याही वर्गात काही बदललेले नसते. दोष ना शिक्षकांच्या वयाचा, ना फोनच्या किमतीचा. सत्रात बोटे चालली ती फक्त दाखवणाऱ्याची, आणि सत्रानंतर कुणी वर्गात येऊन बसले नाही.

या लेखात एकच काम धरले आहे. तिसरीच्या मुलाचे एक मिनिटाचे वाचन फोनवर रेकॉर्ड करायचे, अचूक शब्द मोजायचे, गूगल शीटमध्ये नोंदवायचे आणि त्यावरून पुढच्या पंधरवड्याचे वाचनाचे नियोजन करायचे. केंद्र म्हणजे जवळपासच्या शाळांचा गट. इथे १२ शाळा आणि ३० शिक्षकांचे केंद्र गृहीत धरले आहे. तुमचे केंद्र लहान-मोठे असेल तर आकडे त्या प्रमाणात बदला, टप्प्यांचा क्रम मात्र बदलू नका.

## टप्पा १: आधी काम ठरवा, ॲप नंतर

‘शिक्षकांना गूगल शीट शिकवणे’ हा सत्राचा विषय नव्हे. ‘कोणत्या मुलाला कशामुळे वाचता येत नाही हे शिक्षकाला कळणे’ हा विषय आहे, आणि शीट त्यातली पाटी-पेन्सिल आहे. काम निवडताना तीन प्रश्न विचारा:

१. हे काम शिक्षकाला एरवीही करावेच लागते का? वाचनाची नोंद करावीच लागते. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाच्या उद्दिष्टांत तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत असे आहे, दुसरीसाठी ४५ ते ६०. म्हणजे हे नवे ओझे नाही.

२. वर्गात एकच फोन असला तरी चालते का? जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत मुलांकडे उपकरण नसते, असे धरूनच चाला. मुलांनी फोनवर प्रश्नमंजूषा सोडवायची, असे नियोजन इथेच बाद होते.

३. रेंज गेली तरी काम अडत नाही ना?

तिन्ही उत्तरे ‘हो’ आली तरच पुढे जा. एका सत्रात एकच काम. आयत्या वेळी कुणी ‘तेवढं क्यूआर कोडचंही घ्या’ म्हणेल, त्याला पुढच्या महिन्याची तारीख द्या.

वेळ: पहिली फेरी जुलैत, दुसरी दिवाळीच्या सुट्टीआधी. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस सुरू होतात, तिथे पहिली फेरी ऑगस्टमध्ये ढकला. सत्र परीक्षेच्या आठवड्यात किंवा मतदार यादीचे काम चालू असताना पहिले सत्र ठेवू नका. माणसे येतात, मन येत नाही.

## टप्पा २: सत्राआधीचे तीन आठवडे

खरे काम इथेच आहे. सत्र दोन तासांचे असेल तर तयारीला दहा-बारा तास जातात, आणि ते वाचवायला गेलेली सत्रे पहिल्या अर्ध्या तासातच कोलमडतात.

### २.१ फोनची पाहणी

प्रत्येक शाळेला फोन करून किंवा कागदावर पाच गोष्टी विचारा:

- फोन अँड्रॉइड आहे का? रेकॉर्डर आधीपासून आहे का?
- गूगल खाते कोणते? पासवर्ड आठवतो का?
- त्या खात्याचा ओटीपी कोणत्या सिमवर येतो?
- खात्यात जागा शिल्लक आहे का?
- फोनची भाषा मराठी आहे की इंग्रजी?

वेळ सर्वाधिक खातो तो दुसरा आणि तिसरा प्रश्न. अनेकांचे खाते मुलाने किंवा दुकानदाराने उघडून दिलेले असते, आणि ओटीपी बंद पडलेल्या सिमवर किंवा पुण्याला शिकणाऱ्या लेकीच्या फोनवर जातो. सत्राच्या दिवशी हे उघडकीला आले तर त्या शिक्षकाचा दिवस गेलाच, शिवाय शेजारच्या दोघांचाही गेला. म्हणून सत्राच्या आठ दिवस आधी प्रत्येकाने त्या खात्यातून तुम्हाला एक कोरी ईमेल पाठवायची. आली, तर खाते जिवंत आहे.

जागेचे असे, की मोफत खात्यात १५ जीबी मिळतात आणि त्यात ईमेल, ड्राइव्ह, फोटो सगळे येते. लग्नाचे व्हिडिओ बॅकअपला गेलेले असले की जागा भरते, आणि मग नवी शीट तयारच होत नाही. पडद्यावर सूचना येते, पण ती इंग्रजीत असते आणि शिक्षकाला वाटते आपलेच काही चुकले.

सावध: कुणाचाही पासवर्ड स्वतःकडे लिहून घेऊ नका आणि व्हॉट्सॲप गटावर मागू नका. ‘सर, तुम्हीच टाका ना’ असे कितीही म्हणाले, तरी टाइप त्यांनीच करायचा.

### २.२ उतारा

पाठ्यपुस्तकातला उतारा घेऊ नका. मुलांना तो पाठ असतो आणि तुम्ही वाचनाऐवजी स्मरण मोजता. साधारण १२० शब्दांचा नवा उतारा लिहा: बैलगाडी, विहीर, आठवडी बाजार, पाऊस अशा ओळखीच्या विषयावर. जोडाक्षरे असू द्या, पण प्रत्येक ओळीत नकोत. लेखन झाल्यावर तुमच्या सत्रात नसलेल्या दोन शिक्षकांकडून वाचून घ्या.

दोन प्रती काढा. मुलाची प्रत मोठ्या, सुमारे १८ ते २० पॉइंटच्या अक्षरांत, चित्राशिवाय. शिक्षकाच्या प्रतीत प्रत्येक ओळीच्या शेवटी तिथपर्यंतच्या शब्दांची बेरीज: ९, १७, २६, ३४ अशी. ही बेरीज नसेल तर प्रत्येक मुलामागे शब्द मोजण्यात दोन मिनिटे जातात आणि चौथ्या मुलानंतर शिक्षक अंदाजे लिहू लागतो.

शब्द मोजण्याचा नियमही ठरवून ठेवा. ‘घरासमोर’ हा एक शब्द. ‘हळूहळू’ एक. ‘आई-वडील’ असा जोडरेघेचा शब्दही एकच. आकडे उताऱ्यात घालूच नका.

सावध: उतारा जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केला असेल तर इतरांच्या फोनवर त्याचा चुरा दिसतो. युनिकोडमध्ये टाइप करा आणि पीडीएफ करूनच पाठवा.

### २.३ शीट

शीट संगणकावर तुम्ही तयार करायची. शिक्षकाला कोऱ्या शीटवर सूत्र लिहायला लावणे म्हणजे स्वयंपाक शिकवताना चूल रचायला लावणे. स्तंभ सहाच ठेवा:

हजेरी क्रमांक · वाचलेले शब्द · चुका · सेकंद · अचूक शब्द प्रतिमिनिट · अर्थ (उताऱ्यावरच्या ३ प्रश्नांपैकी बरोबर किती, ० ते ३)

पाचवा स्तंभ आपोआप भरेल. हिशोब असा: वाचलेल्या शब्दांतून चुका वजा करा, सेकंदांनी भागा, ६० ने गुणा. एका मुलाने ६० सेकंदांत ४७ शब्द वाचले आणि ५ चुका झाल्या, तर ४२. दुसऱ्याने १२० शब्दांचा पूर्ण उतारा ५४ सेकंदांत संपवला आणि ३ चुका झाल्या, तर ११७ भागिले ५४ गुणिले ६०, म्हणजे १३०.

सूत्राला ‘इफ’ची जोड द्या, म्हणजे सेकंदांचा रकाना कोरा असेपर्यंत उत्तरही कोरे राहील. नाहीतर रिकाम्या ओळींत शून्याने भागल्याची चूक झळकत राहते आणि नवा माणूस पहिल्याच नजरेत घाबरतो.

आता तीन सापळे. हे जवळजवळ प्रत्येक सत्रात येतात:

देवनागरी अंक. मराठी कीबोर्डवरून टाइप केलेला ४७ शीट बऱ्याचदा संख्या म्हणून न घेता मजकूर म्हणून घेते, आणि हिशोब होत नाही. ओळखायची खूण सोपी: संख्या रकान्यात उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे.

‘१ मिनिट’ असे लिहिणे. सेकंदांच्या रकान्यात कुणी १.०० लिहितो, कुणी अपूर्णविराम देऊन घड्याळासारखी वेळ लिहितो. सूत्र मुकाट्याने भलतेच उत्तर देते. वेळ नेहमी निव्वळ सेकंदांत.

तिरपी रेघ. ‘३ पैकी २’ या अर्थाने तिरपी रेघ टाकली की शीट त्याची तारीख करून टाकते.

तिन्हींवर एकच उपाय: संगणकावर ‘डेटा व्हॅलिडेशन’ लावा. सेकंदांच्या रकान्यात १० ते ६० मधली संख्याच घ्या, अर्थाच्या रकान्यात ० ते ३, आणि बाकी सगळे नाकारा. सूत्राचा स्तंभ राखाडी रंगवा आणि ‘राखाडीला हात लावायचा नाही’ एवढाच नियम सांगा. त्याला कुलूप लावण्यात फारसा अर्थ नाही, कारण शिक्षकाने स्वतःची प्रत काढली की तोच तिचा मालक होतो आणि मालकाला कुलूप अडवत नाही.

शीट पाठवताना परवानगी ‘व्ह्यूअर’ ठेवा. ‘एडिटर’ ठेवून दुवा गटावर टाकला की तीस जण एकाच शीटमध्ये एकमेकांच्या ओळी पुसत बसतात. तसे झालेच तर संगणकावरच्या ‘व्हर्जन हिस्ट्री’तून आधीची शीट परत आणता येते, पण सत्र तोवर विस्कटलेले असते.

तपासा: स्वतःखेरीज दुसऱ्याच्या, साध्यातल्या साध्या फोनवर दुवा उघडा, प्रत काढा, एक ओळ भरा. मग त्या प्रतीवर ‘ऑफलाइन’ सुरू करा, फोन विमान मोडवर टाका आणि पुन्हा एक ओळ भरा. भरली गेली तर शीट तयार.

### २.४ मदतनीस

तीस जणांना एकटा माणूस शिकवू शकत नाही. सहा जणांमागे एक या हिशोबाने पाच मदतनीस लागतात. निवड करताना सगळ्यात हुशार पाच जण घेऊ नका. ज्याला सगळे येते तो भराभर दाखवतो आणि दुसऱ्याचा फोन हातात घेतो. ज्यांनी वर्षभरापूर्वीच हे शिकले आणि ज्यांना कुठे अडखळायला होते ते आठवते, ते बरे. पाचांपैकी किमान एक ज्येष्ठ बाई असाव्यात. ‘बाईंना जमलं, मग मला का नाही’ हा विचार तुमच्या कोणत्याही सादरीकरणापेक्षा जास्त काम करतो.

मदतनिसांची एक तासाची तालीम दोन दिवस आधी घ्या. त्यांना एकच नियम द्या: दुसऱ्याच्या फोनला हात लावायचा नाही. हात पाठीमागे बांधून उभे राहायचे आणि तोंडाने सांगायचे.

### २.५ जागा, वीज, नेट

एका फोनच्या हॉटस्पॉटवर तीस फोन जोडले जात नाहीत. बहुतेक फोन दहाच्या आसपास थांबतात. प्रत्येक मदतनिसाने आपल्या सहा जणांना स्वतःचे हॉटस्पॉट द्यायचे, म्हणजे प्रश्न मिटतो. फोन थेट टीव्हीला वायरने जोडू, या भरवशावर राहू नका. स्वस्त फोनमधल्या अनेकांच्या चार्जिंगच्या तोंडातून चित्र बाहेर जातच नाही.

वीज गेली तर? प्रत्येक पायरीचे चित्र असलेला ए-फोर कागद छापून न्या, एका पानावर सहा चित्रे. कागदावर बटणाचे नाव लिहिण्यापेक्षा त्याच्या चिन्हाला गोल करा. कुणाचा फोन मराठीत, कुणाचा इंग्रजीत. ‘तीन टिंबे’ मात्र सगळीकडे तीनच असतात.

### २.६ संमती आणि केंद्रप्रमुखांशी बोलणे

मुलाचा आवाज ही त्याची वैयक्तिक माहिती आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती मूल मानली आहे आणि मुलाच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. पालकसभेत चार ओळींचा कागद वाचून दाखवा: काय रेकॉर्ड होणार, कोण ऐकणार, कधी पुसणार. सही घ्या. नाही म्हणणाऱ्या पालकाच्या मुलाचे वाचन रेकॉर्ड न करता समोर ऐकून नोंदवा. त्यासाठी मुलाला वेगळे काढू नका.

आणि एक गोष्ट सत्राआधीच केंद्रप्रमुखांशी पक्की करा: मुलांचे आणि शिक्षकांचे आकडे शाळेबाहेर जाणार नाहीत. वर फक्त ‘किती मुलांचे वाचन ऐकून झाले’ एवढेच कळवायचे. शाळानिहाय सरासरी एकदा का व्हॉट्सॲप गटावर झळकली, की पुढच्या फेरीत सगळी मुले ६० च्या वर गेलेली दिसतील. मुले तीच असतील, आकडे शिकलेले असतील.

## टप्पा ३: आधी आपल्या वर्गात पाच मुले

सत्राआधी हे सगळे स्वतः पाच मुलांवर करा: एक उत्तम वाचणारे, दोन मधली, एक अडखळणारे, एक जवळजवळ न वाचणारे. यातून कळणाऱ्या गोष्टी कुठल्याच पुस्तिकेत नसतात. रेकॉर्डिंग चालू असताना फोन आला की काही फोनवर ते तुटते, म्हणून आधी विमान मोड. पंख्याखाली बसलात तर घरघर येते. फोन मुलाच्या तोंडासमोर धरला की मूल फोनकडे पाहते, उताऱ्याकडे नाही. तो बाजूला, वीतभर अंतरावर, माइकचे तोंड मुलाकडे करून टेबलावर ठेवा आणि खाली रुमाल घाला. व्हरांड्यापेक्षा वर्गाचा कोपरा बरा.

मुलाला सांगायचे वाक्य ठरलेले हवे आणि तीसही शिक्षकांचे तेच हवे: ‘मोठ्याने वाच. घाई करू नको. वाचून झाल्यावर मी तुला त्यातलं विचारणार आहे.’ शेवटचे वाक्य गाळले तर मूल रेल्वे सोडल्यासारखे सुटते आणि अर्थाच्या प्रश्नांना गप्प बसते.

तपासा: पाच मुलांना किती वेळ लागला? एका मुलामागे चार मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर तुमच्या प्रतीत किंवा शीटमध्ये काहीतरी अवघड राहिले आहे. ते आधी दुरुस्त करा.

## टप्पा ४: सत्राची १२० मिनिटे

दोनशिक्षकी शाळेतले दोघेही एका दिवशी बाहेर काढू नका. शिक्षण परिषदेच्या दिवशी सगळे येणारच असतील तर ठीक. वेगळा दिवस घेतला तर १५-१५ च्या दोन तुकड्या करा. तेव्हा मदतनीसही तीनच पुरतात.

० ते १० मिनिटे. संमती घेतलेले एक रेकॉर्डिंग ऐकवा, मुलाचे नाव न सांगता. विचारा: ‘हे मूल कुठे अडते?’ उत्तरे फळ्यावर लिहा. स्वागत, प्रस्तावना, तंत्रज्ञानाचे महत्त्व, सगळे गाळा.

१० ते ३५. प्रत्येकाने आपल्या फोनवर शीटची प्रत काढायची. नाव ठरलेल्या पद्धतीने द्यायचे: शाळेचे नाव, इयत्ता, महिना. मग ‘ऑफलाइन’ सुरू करायचे. ही सर्वांत कंटाळवाणी पंचवीस मिनिटे असतात आणि इथे घाई केली की पुढे सगळे गळते.

तपासा: ‘समजलं का?’ असे विचारू नका. समजले नसले तरी माना हलतात. ‘फोन वर धरा’ म्हणा. तीस पडद्यांवर राखाडी पट्टा दिसला की पुढे.

३५ ते ५०. जोड्या. एक मूल, एक शिक्षक. मूल झालेल्याने मुद्दाम अडखळत वाचायचे, एक ओळ सोडायची. विमान मोड, रेकॉर्ड, ६० सेकंदांनी खूण, थांबा. मग अदलाबदल.

५० ते ९०. चुका मोजणे. याला स्वतंत्र टप्पा दिला आहे, खाली पाहा. याची मिनिटे कापू नका.

९० ते १०५. प्रत्येकाने स्वतः, कुणाच्याही मदतीशिवाय, एक संपूर्ण नोंद करायची.

१०५ ते १२०. कागदावर लिहून द्यायचे: कोणती पाच मुले, कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला, जोडीदार शिक्षक कोण. ‘वर्गातली सगळी मुले’ असे कुणी लिहिले तर खोडायला लावा. पहिल्या आठवड्यात पाचच.

सावध: दोन-तीन जण सगळ्यांच्या पुढे निघून जातील आणि आलेख काढू लागतील. त्यांना थांबवू नका, पण त्यांच्यासाठी इतरांना पळवूही नका. त्यांना शेजारच्याच्या मदतीला बसवा, हात पाठीमागे ठेवून.

## टप्पा ५: एक आवाज, दोन कान

या सगळ्या खटाटोपातून शिक्षकाचे शिकणे होते ते इथे. समोर ऐकून नोंद करताना मूल वाचून जाते आणि शिक्षकाच्या मनात ‘ठीक वाचतो’ एवढेच उरते. रेकॉर्डिंग पुन्हा ऐकता येते, आणि तेच दोघांना ऐकता येते. फोन वापरायचे कारण एवढेच आहे. आवाज उरत नसेल तर कागद-पेन्सिल पुरे होती.

नियम आधी वाचून दाखवा:

१. चुकीचा वाचलेला किंवा गाळलेला शब्द: एक चूक.
२. मुलाने आपणहून लगेच सुधारला: चूक नाही.
३. तीन सेकंद अडले तर शिक्षकाने शब्द सांगायचा: एक चूक.
४. तोच शब्द दोनदा वाचला: चूक नाही.
५. पूर्ण ओळ सोडली: त्या ओळीचे शब्द ‘वाचलेल्या शब्दां’तूनच वजा करायचे, चुकांत धरायचे नाहीत.
६. घरच्या बोलीचा उच्चार: चूक नाही. ‘पाणी’चे ‘पानी’, ‘डोळा’चे ‘डोया’ होत असेल आणि मूल घरी तसेच बोलत असेल, तर त्याने शब्द वाचला आहे.

सहाव्या नियमावर वाद होईल. होऊ द्या, पंधरा मिनिटे गेली तरी चालतील. अहिराणी, वऱ्हाडी, गोंडी, पावरी घरात बोलणाऱ्या मुलाला मराठी वाचताना आपण किती वेळा नकळत नापास करतो, हे या वादातच शिक्षकांच्या लक्षात येते.

मग एकच रेकॉर्डिंग ऐकवा. प्रत्येकाने शिक्षकाच्या प्रतीवर खुणा करायच्या, शेजाऱ्याला न दाखवता. पहिल्यांदा ऐकल्यावर एक आकडा, दुसऱ्यांदा ऐकल्यावर दुसरा. सगळ्यांचे आकडे फळ्यावर लिहा, नावांशिवाय. पहिल्या वेळी ३८ पासून ५१ पर्यंत काहीही येऊ शकते. आता ओळीओळीने ऐका आणि कुठे फाटले ते शोधा. दुसरे रेकॉर्डिंग घ्या आणि पुन्हा करा.

तपासा: जोडीदारांच्या आकड्यांत तीनपेक्षा जास्त शब्दांचा फरक राहत नसेल तर पुढे जा. राहत असेल तर तिसरे रेकॉर्डिंग घ्या, पुढच्या स्वतंत्र नोंदीचा वेळ कमी करून.

## टप्पा ६: पहिले दहा कामाचे दिवस

पहिल्या दहा दिवसांत प्रत्येक शिक्षकाच्या वर्गात एक भेट व्हायलाच हवी. ३० वर्ग तुम्हाला एकट्याला जमणार नाहीत. पाच मदतनिसांत वाटा. भेट ४० मिनिटांची: दोन मुलांचे वाचन घेताना पाहा, एक रेकॉर्डिंग दोघांनी वेगवेगळे मोजा, आणि शेवटची दहा मिनिटे बोला. शेरेबुकात, म्हणजे शाळाभेटीचे शेरे लिहायच्या वहीत, काही लिहू नका. ही तपासणी आहे असा वास आला की मॅडम आधी चांगले वाचणारे मूल उभे करतील, आणि त्यांचे चुकलेही नाही.

गटावरून ‘कुणाला अडचण?’ असे रोज विचारत राहणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे. अडचण असलेला माणूस गटावर लिहीत नाही.

भेटीत हमखास दिसणाऱ्या गोष्टी:

- रेकॉर्डिंग आहे, नोंद नाही. ‘घरी जाऊन भरणार’ असे ठरलेले असते. त्याच तासाला भरायची सवय लावा.
- सगळ्या मुलांचे सेकंद ६०, उतारा लवकर संपवणाऱ्यांचेही. त्यामुळे चांगल्या वाचकाचा आकडा खाली येतो.
- हजेरी क्रमांकाऐवजी पूर्ण नाव. लगेच बदलायला सांगा.
- ‘सर ऐका ना’ म्हणून रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवर पाठवलेले. पुसायला लावा, आणि ऐकायचे असेल तर समोर बसून ऐका.

## टप्पा ७: आकडा आला, आता वर्गात काय?

आकड्यावर थांबलेले शिक्षक पुढच्या महिन्यात नोंद बंद करतात, आणि त्यांचे बरोबरच आहे. निरुपयोगी काम कोण करील? म्हणून दुसऱ्या भेटीत रेकॉर्डिंग पुन्हा ऐकून चुकांचा प्रकार ओळखायला शिकवा.

जोडाक्षर आणि रफार आला की थांबणारे मूल वेगळे, आणि वेलांटी-उकार गाळणारे मूल वेगळे. पहिल्याला उताऱ्यातलीच आठ-दहा जोडाक्षरे फोडून दाखवायची: ‘सूर्य’, ‘रस्ता’, ‘वाक्य’. दुसऱ्याला काना-मात्रांच्या जोड्या ऐकवून वाचायला द्यायच्या: ‘पाणी-पणी’, ‘मूल-मल’. ओळ सोडणाऱ्या मुलाच्या हातात एक पट्टी द्या. आठवड्यात फरक पडला नाही तर डोळे तपासायला सांगा. शब्द बरोबर पण एकेक तुटक वाचणाऱ्याला तोच छोटा उतारा तीन दिवस पुन्हा पुन्हा, चांगल्या वाचकासोबत जोडीने वाचू द्या. वेग ७० आणि अर्थ ० असलेल्या मुलाचा वेग वाढवायचा नाही. त्याला थांबवून गोष्ट सांगायला लावायची.

प्रत्येक शिक्षकाने दोनच मुले आणि एकच प्रकार निवडायचा, रोज दहा मिनिटे, पंधरा दिवस. एवढे झाले तर खूप झाले.

## टप्पा ८: दुसरी फेरी आणि हात काढून घेणे

दुसऱ्या फेरीला उतारा नवा, लांबी आणि अवघडपणा मात्र तोच. पहिलाच उतारा पुन्हा दिला तर वाढ दिसते आणि ती खोटी असते. शीटही नवी काढू नका. त्याच शीटमध्ये दुसरे पान उघडा.

या वेळी सत्र तुम्ही घेऊ नका. पहिल्या फेरीत शिकणाऱ्यांच्या रांगेत बसलेल्या दोघांना पुढे करा आणि तुम्ही मागे बसा. ते अडखळतील, प्रत काढण्याची पायरी विसरतील. मध्ये बोलू नका. शीट, उतारे, चित्रांचा कागद आणि संमतीपत्राचा नमुना केंद्राच्या ड्राइव्हवर ठेवा आणि मालकी केंद्राच्या खात्याकडे द्या. तुमची बदली झाली आणि सगळे तुमच्या वैयक्तिक खात्यात अडकून राहिले, अशी केंद्रे काही कमी नाहीत.

नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले आहे. या कामाचे तास लिहून ठेवा: सत्र, तालीम, भेट, दोघांनी बसून ऐकलेले रेकॉर्डिंग. तारीख, वेळ, विषय आणि दोघांची सही असलेली साधी वही चालते.

शेवटचे काम रेकॉर्डिंग पुसण्याचे. दुसरी फेरी झाली की पहिल्या फेरीचे सगळे आवाज फोनमधून, फोनच्या ‘कचरापेटी’तून आणि बॅकअप असेल तर ड्राइव्हवरूनही काढायचे. जोडीदाराने समोर बसून तपासायचे आणि वहीत तारीख टाकायची.